शहाऐंशी वर्षांच्या माणसाची सर्कस

चित्रकलेच्या मास्तराला वर्षातून एकदा तरी मुलांना 'सर्कस' हा विषय द्यावाच लागतो. मी चौतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना शेकड्यांनी मुले बसवली. स्मरणचित्राच्या तासाला फळ्यावर 'सर्कशीतील एक दृश्य' एवढे लिहावे आणि खुशाल खुर्चीत बसावे. पुढचा तासभर वर्गात पेन्सिलीखेरीज कशाचा आवाज येत नसे. पन्नास मुलांची पन्नास चित्रे व्हायची, पण सगळ्यांत मधोमध स्टुलावर चढलेला एक हत्ती असायचाच. वर झोपाळा, झोपाळ्याला लोंबकळणारी बाई, कोपऱ्यात लाल नाकाचा विदूषक आणि मागे प्रेक्षक म्हणून ओळीने मांडलेली शून्ये. ज्या मुलाने जन्मात सर्कस पाहिली नाही त्याच्याही कागदावर हेच. स्मरण स्वतःचे की शेजारच्या बाकावरचे, हे चित्रकलेच्या मास्तराने फार खोलात जाऊन विचारायचे नसते.

दिवाळी अंकात संपादक या सदराला नेहमीपेक्षा दोन पाने जास्त देतात. म्हणून यंदा जरा ऐसपैस बसून अशाच एका स्मरणचित्राविषयी बोलावे म्हणतो. फरक इतकाच, की हा परीक्षार्थी शहाऐंशी वर्षांचा होता, त्याला विषय कोणी दिला नव्हता आणि एक चित्र काढून त्याचे भागले नाही.

गोष्ट १९६८ सालची. पाब्लो पिकासो तेव्हा दक्षिण फ्रान्समध्ये मूजँ नावाच्या गावाजवळ राहत होता. १६ मार्चला त्याने तांब्याची प्लेट पुढे ओढली आणि ५ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे दिवसांत, तीनशे सत्तेचाळीस प्लेटा केल्या. 'मालिका ३४७' याच नावाने ती चित्रे आज ओळखली जातात. त्यांत चित्रकार आहेत, त्यांच्यापुढे बसलेल्या बायका आहेत, जुन्या काळचे झुपकेदार टोप्यांचे सरदार आहेत, आणि पुन्हा पुन्हा डोके वर काढणारी एक सर्कस आहे. मालिकेतील काही चित्रे अशी आहेत, की दिवाळी अंकात त्यांचे वर्णन करण्याची सोय नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॅरिसला प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांतली काही सर्वांसाठी मांडलीच नव्हती. तेव्हा आपण मुकाट्याने सर्कशीच्या तंबूकडे वळू.

पण तंबूत शिरण्यापूर्वी ही चित्रे कशी होतात ते सांगायला हवे. एचिंग हा शब्द पुष्कळांनी ऐकलेला असतो. आपल्या मराठी विश्वकोशाने त्याला अम्लरेखन असे नाव दिले आहे. लग्नातल्या आहेराच्या भांड्यावर कासार नाव घालतो, ते सर्वांनी पाहिले आहे. तिथे ठोकणाऱ्याच्या हाताचा जोर धातूत उतरतो. एचिंगमध्ये हाताला जोर लागतच नाही. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर द्यायचा. त्या थरावर सुईने चित्र काढायचे. सुई फक्त मेण बाजूला सारते, खाली तांबे उघडे पडते. मग पत्रा ॲसिडात सोडायचा. जिथे मेण आहे तिथे ॲसिडाचे काही चालत नाही. जिथे सुई फिरली तिथे ते तांबे खात जाते. जास्त वेळ ठेवला तर रेघ खोल आणि काळी, लवकर काढला तर नाजूक. नंतर मेण पुसून, पत्र्यावर शाई चोळून, वरची शाई पुन्हा पुसून काढायची. रेघांच्या खाचांत तेवढी ती राहते. वर ओला कागद ठेवायचा आणि दोन रुळांमधून दाबून काढायचा. हे यंत्र पाहिले की मला हटकून रसवंतीगृहातल्या चरकाची आठवण येते.

यात एक मौज आहे. रबरी शिक्क्यासारखे सगळे उलटे उमटते. डाव्या हातात धरलेला चाबूक ठशात उजव्या हातात येतो. पिकासोने या प्लेटांवर तारखा सरळ लिहिल्या, त्यामुळे ठशांवर त्या आरशात पाहिल्यासारख्या उलट्या उमटल्या आहेत. आयुष्यभर छपाईची कामे केलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? ठशातली तारीख सरळ वाचता यावी म्हणून पत्र्यावर ती उलटी लिहीत बसायला त्याला सवड नव्हती. एका दिवशी अनेक प्लेटा झाल्या, तर तारखेपुढे रोमन आकडे टाकून तो मोकळा होई.

दुसरे म्हणजे हे एकट्याचे काम नव्हे. आल्दो आणि प्येरो क्रोमलँक हे दोघे छपाईकार भाऊ त्याच्यासाठी मूजँ गावात छापखाना थाटून बसले होते. म्हाताऱ्याने प्लेट करावी, भावांनी ती पुढे चालवून ठसा काढून आणावा, तो पाहून म्हाताऱ्याने पुन्हा सुई उचलावी, असा क्रम. प्रत्येक चित्राचे पन्नास क्रमांकित ठसे, शिवाय कलावंताचे म्हणून थोडे वेगळे. मे महिन्यात पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यातले फरशीचे दगड उपटत होते, सारा देश संपाने बंद पडला होता. इकडे एका खेड्यात घोडे, विदूषक आणि पैलवान चरकातून निघत होते.

आता चित्राकडे येतो. यातल्या सर्कशीच्या चित्रांत आपला हत्ती नाही. मध्ये असतो घोडा, बाकदार मानेचा, मोठ्या डोळ्यांचा, आपल्याकडे सगळे पाहताहेत हे माहीत असलेला. त्याच्या उघड्या पाठीवर एक बाई असते, आणि ती पडणार याची तिला मुळीच भीती नाही. बाजूला विदूषक, पोटऱ्या फुगलेला पैलवान, कोणीतरी उलटे झालेले. आणि भोवती माणसेच माणसे! मुलांच्या चित्रातली शून्ये नव्हेत. एकाचे नाक लांब, एक बाई शेजारणीच्या कानाला लागलेली, एक म्हातारा घोड्याऐवजी भलतीकडेच पाहतो आहे. कुठे दोन रेघांत माणूस संपवला आहे, तर कुठे एकाच चेहऱ्यावर जाळीदार रेघांचे रान माजवले आहे. चित्रात मोकळी जागा म्हणून राहिलेली नाही.

घोडा मध्ये का, याला कारण आहे. आज आपण जिला सर्कस म्हणतो ती घोड्यामुळेच गोल झाली. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली नावाच्या, घोडदळातून सुटलेल्या माणसाने गोल रिंगणात घोडा पळवून त्याच्या पाठीवर उभे राहण्याचे खेळ सुरू केले. सरळ रेषेत पळणाऱ्या घोड्यापेक्षा वर्तुळात पळणाऱ्या घोड्यावर तोल सांभाळणे सोपे. स्वार आत झुकतो आणि घोड्याचा वेग त्याला बाहेर खेचतो. रिंगणाचा व्यास बेचाळीस फूट ठरला, तो पुढे जगभर चालला. आपल्याकडेही आरंभ घोड्यानेच आहे. विष्णुपंत छत्रे हे मूळचे घोड्यांचे जाणकार. मुंबईला आलेली कियारिनीची इटालियन सर्कस पाहिल्यावर त्यांनी १८८० साली 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. वाघ-सिंहांचा मान नंतरचा. तोही आता सरला. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वल, माकड रिंगणाबाहेर गेले आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. मला त्यात वाईट वाटण्याजोगे काही दिसत नाही. स्टुलावर चढलेल्या हत्तीच्या मनात काय चालते हे आम्ही मुलांना कधी काढायला सांगितले नव्हते.

पिकासोने सर्कस पाहिली ती पॅरिसला, मोंमार्त्रच्या टेकडीच्या पायथ्याशी, मेद्रानो सर्कशीत. ही तंबूतली फिरती सर्कस नव्हे. तिला पक्की गोल इमारत होती. आधी तिचे नाव फेर्नांदो होते. बूम-बूम या नावाने गाजलेला मेद्रानो नावाचा स्पॅनिश विदूषक तिचा मालक झाला, तेव्हापासून ती मेद्रानो. देगा, तूलूझ-लोत्रेक, सरा अशा एकेका नामवंत चित्रकाराने त्याच इमारतीत बसून रिंगण रंगवले आहे. १९०४ मध्ये बाविसाव्या वर्षी पिकासो पॅरिसला कायमचा आला आणि जवळच एका मोडक्या, थंडगार इमारतीत राहू लागला. खेळ संपला की विदूषकांशी गप्पा मारत थांबायचे, हा त्याचा छंद. गावापासून तुटलेला स्पॅनिश पोरगा आणि स्पॅनिश विदूषक, जमणारच.

त्या दिवसांतही त्याने सर्कशीतल्या माणसांची धातूवर चित्रे केली आहेत, १९०४-०५ मधली, चौदा-पंधरा. पहिल्या प्रसिद्ध चित्रासाठी तर नवा पत्रा घ्यायला पैसे नव्हते. दुसऱ्या एका चित्रकाराने वापरलेला जस्ताचा पत्रा खरवडून घेतला. त्यात एक आंधळा पुरुष आणि एक बाई टेबलापाशी बसली आहेत, पुढे बाटली, पावाचा तुकडा आणि रिकामी बशी. नीट पाहिले तर आधीच्या निसर्गचित्राच्या पुसट खुणा मागे अजून दिसतात. पुढची बहुतेक चित्रे बिनॲसिडाची, सुईने थेट पत्र्यावर ओरखडून केलेली. अशी रेघ मखमलीसारखी उमटते, पण पाच-पंचवीस ठशांत झिजते. म्हणून १९१३ साली व्होलार नावाच्या व्यापाऱ्याने त्या प्लेटांवर पोलादाचा मुलामा चढवून प्रत्येकीचे अडीचशे ठसे काढले. खाण्याची भ्रांत असलेल्या पोराच्या त्या कागदांची किंमत आज कोटींत होते.

या दोन काळांतली चित्रे मी एकाच पुस्तकात, एकापाठोपाठ पाहिली. मुलीने वाढदिवसाला दिलेले जाडजूड पुस्तक, मांडीवर ठेवले तर पाय बधिर व्हावा असे. आणि त्यात जे दिसले त्याने मी चक्रावलो. तेवीस वर्षांच्या पोराने सर्कशीत जाऊन काय पाहिले? रिंगण जवळजवळ नाहीच. एखाद-दुसऱ्या चित्रात घोड्यावरची मुलगी आहे, बाकी सगळे तंबूच्या मागचे. लठ्ठ विदूषक हाताची घडी घालून नुसता बसला आहे. आई मुलाला घेऊन बसली आहे. कोणी वेणीफणी करते आहे, कोणी मुक्काम हलवण्याची आवराआवर. रेघ बारीक, माणसे हडकुळी, आणि चित्रभर शांतता. त्याच माणसाने शहाऐंशीव्या वर्षी, रिंगणापासून दूर, नुसत्या आठवणीवर सर्कस काढली, तर तिच्यात शांतता औषधालाही नाही. आपला अनुभव याच्या उलट असायला हवा ना? तरुणाने गलका काढावा आणि म्हाताऱ्याने शांतपणा. वय झाले की माणूस शांत होतो असे आपण धरून चालतो, इतके की वय झालेल्या माणसाला शांत करायच्याच मागे लागतो.

हे वाक्य मी हवेत लिहीत नाही. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. नोकरी रेल्वेत, तिकिटाच्या खिडकीमागे. छत्तीस वर्षे त्यांच्यापुढे माणसांची रांग होती. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. घरी आणल्यावर मुलांनी आणि वहिनींनी त्यांच्यासाठी मागची खोली लावली. रस्त्याचा आवाज नाही, टीव्ही नाही, भेटायला येणाऱ्याला पाच मिनिटे, तीही हळू आवाजात. सेवेत कसूर नव्हती. पण अण्णा दिवसेंदिवस भिंतीकडे तोंड करून पडू लागले. जेवण कमी झाले. विचारले, तर 'बरे आहे' यापलीकडे बोलणे नाही. डॉक्टर म्हणाले, वय आहे.

एका दुपारी हे पुस्तक घेऊन मी गेलो. अण्णांना चित्रांचे वेड कधीच नव्हते. माझ्या नोकरीला ते 'रंगपंचमी' म्हणत. तरी उशीला टेकवून बसवले आणि पाने उलटू लागलो. १९०५ ची चित्रे त्यांनी नीट पाहिली.

"ही माणसं एकमेकांशी बोलत का नाहीत रे?" ते म्हणाले.

मी पुन्हा पाहिले. खरेच, एका चित्रात पाच-सहा माणसे असूनही कोणाची नजर कोणाकडे नाही. चौतीस वर्षे चित्रकला शिकवलेल्या माणसाला हे तिकीट मास्तराने दाखवावे!

मग मी १९६८ ची सर्कस उघडली. अण्णांनी चष्मा मागितला. पुष्कळ वेळ पाहिले आणि घोडा, बाई सोडून मागच्या गर्दीवर बोट ठेवून एक-एक डोके मोजायला लागले. चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"हे काढलं तेव्हा केवढा होता म्हणालास?"

"तुमच्याहून दोन वर्षांनी मोठा."

"घरी येतंजातं का कोणी त्याच्याकडे?"

यावर काय सांगणार? पिकासोवरही १९६५ च्या शेवटी पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती, गुपचूप, वर्तमानपत्रांना सुगावा न लागू देता. त्यानंतर फाटकाआडचे ते घर जवळजवळ बंदच झाले. पत्नी झाकलीन येणाऱ्याजाणाऱ्याला बहुधा बाहेरूनच वाटेला लावी. त्याचा तरुणपणापासूनचा दोस्त आणि चिटणीस साबार्तेस १९६८ च्या फेब्रुवारीत वारला, आणि महिनाभरात ही मालिका सुरू झाली. पहिल्याच प्लेटचे नाव आहे 'पिकासो, त्याची कला आणि त्याचे प्रेक्षक'. म्हाताऱ्याने स्वतःलाही त्यात बुटका करून बसवले आहे. हे सगळे मी अण्णांना सांगितले.

"म्हणजे गर्दी कागदावर जमवली म्हणायची," असे म्हणून त्यांनी पान उलटले. जरा वेळाने, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माझी कॉट पुढच्या खोलीत हलवायला सांग. माझं कोणी ऐकत नाही."

चित्रांमागे इतके सरळ कारण लावलेले पंडितांना आवडणार नाही. मलाही ते पुरते मान्य नाही. पिकासोला त्या दोनशे दिवसांत पुष्कळ काही करून दाखवायचे होते: जुन्या उस्तादांशी बरोबरी, कमी होत चाललेल्या दिवसांची चिडचिड, बायकांविषयीचा हव्यास, जो त्याच्या आयुष्यात काही जणींना फार महागात पडला. त्या माणसाची आरती मला ओवाळायची नाही. मालिकेतल्या तीनशे सत्तेचाळीसांत शंभर तरी नुसत्या हात चालू ठेवण्यासाठी केलेल्या वाटतात. पण सर्कशीची चित्रे त्यांतली नव्हेत. पोरवयात रिंगण रोज संध्याकाळी थोड्या पैशांत समोर होते. तेव्हा त्याने काढले ते लोकांना न दिसणारे, मागचे. साठ वर्षांनी मागचे सगळे त्याच्या घरातच येऊन बसले होते, थकवा, दुखणे, निजानीज. मग त्याने काढले ते पुढचे. ज्याची ज्या वेळी चणचण, त्याचे चित्र. एवढे मात्र मी अण्णांच्या बाजूने कबूल करतो.

वहिनींशी बोलणे सोपे नव्हते. "भाऊजी, तुम्ही एक दिवस येता, रात्री जागायचं आम्हाला असतं," असे त्या म्हणाल्या, आणि त्यात खोटे काही नव्हते. शेवटी पुतण्याने तोडगा काढला: दिवसा पुढच्या खोलीत, रात्री मागे. कॉटला चाके बसवून घेतली. पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते. समोर रिक्षांचा थांबा, पलीकडे शाळा. पहिल्या दिवशी अण्णांनी दुपारी झोपायला नकार दिला. आठवड्याने ते खिडकीतून रिक्षावाल्यांना सुट्टे पैसे देण्याघेण्यावरून सल्ले देऊ लागले. पाय पूर्वीसारखा होणार नाही; काठी हातात कायमची आली आहे. जेवतात मात्र दोन वेळा, आणि भाजीत मीठ कमी असल्याचे पुन्हा सांगू लागले आहेत. वहिनींची ही तक्रार मला दर फोनवर ऐकावी लागते.

पिकासोही त्या ५ ऑक्टोबरला थांबला नाही. १९७० ते ७२ मध्ये त्याने आणखी एकशे छप्पन प्लेटा केल्या, आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी तो गेला. मेद्रानोची ती गोल इमारतही त्याच सुमारास पाडण्यात आली.

पुस्तक अजून अण्णांकडेच आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सर्कस दाखवतात, आणि गर्दीतली डोकी किती, हे मोजायला लावतात. कोणाचेच उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही. बाकीच्या काही पानांना वहिनींनी रबरबँड लावून ठेवले आहे.